बिनबाहीचे चार कुर्ते

कापड घेतलं फाल्गुनात आणि त्यातला पहिला कुर्ता अंगात घातला तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजणारे नऊ दिवस, लागायला दोन दिवस उरले होते. मधले अडीच महिने कुठे गेले ते सांगायलाच बसले आहे, कारण राग अजून उतरलेला नाही.

माझे दंड जाड आहेत. हात वर केला की हलतात. कॉलेजात असताना एका हळदीत कुणीतरी ‘हिचे दंड बघा, पैलवानाचे!’ म्हणालं आणि त्यानंतर एकोणीस वर्षं मी बाही कोपराच्या वर जाऊ दिली नाही. तीही नागपुरात. इथे २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं, पण आमच्या गल्लीत तो आकडा कुणालाच खोटा वाटला नव्हता. अशा उन्हात मी काळी, पूर्ण बाहीची जॉर्जेटची कुर्ती घालायची. काळ्यात बारीक दिसतो ना! वर स्कूटरसाठी सनकोट. ऑफिसात पोचल्यावर बाकीच्या तो काढून खुर्चीला अडकवायच्या, मी दुपारपर्यंत घालून बसायची. कूलरसमोर गार लागतं म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात छातीखाली आणि जांघेत घामोळ्या आल्या आणि पुढे तिथेच बुरशीचं इन्फेक्शन झालं. लाजेपायी डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधून ट्यूब आणली. ती स्टेरॉइडची निघाली, चार दिवस बरं वाटलं आणि मग ते दुप्पट पसरलं. (ही चूक करू नका.) शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. दोन महिने औषध चाललं आणि वर एक वाक्य मिळालं : सैल आणि सुती घाला, नाहीतर दर मेमध्ये भेटू.

गांधीबागेतल्या कापडबाजारात अर्ध्या तासात मलमल घेतली. चार रंग, ४४ इंच पन्हा, प्रत्येकी तीन मीटर. दुकानदार ‘अडीचात होऊन जाते ताई’ म्हणतो. आपल्या मापाला आणि पोटरीपर्यंतच्या लांबीला होत नाही, तीनच घ्या.

मग टेलर.

दुकान लहान, बाकड्यावर तीन बायका आणि पँटची लांबी कमी करायला आलेला एक माणूस. मास्तर टेप लावतो आणि आतल्या पोऱ्याला ओरडून माप सांगतो. ‘छाती सेहेचाळीस! कंबर बेचाळीस! दंड साडेसोळा!’ पोऱ्या आतून, ‘किती?’ मास्तर अजून जोरात, ‘साडेसोळा, साडेसोळा!’ पँटवाला माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. मग मास्तर म्हणाला, ‘बाही किती ठेवू?’ मी म्हटलं, बाही नको. त्यानं टेप खाली केली. ‘ताई, बरं नाही दिसणार तुम्हाले. मेगा बाही करून देतो, खांद्यापुरती.’ मी नको म्हटलं, पण आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही.

पाडव्याच्या आधी देतो म्हणाला. पाडव्याला गेले तर लग्नाचं काम. नंतर पोऱ्या गावी गेलेला. मग लाइट नव्हती. मग काज-बटण राहिलं. अक्षय तृतीयेनंतर एक कुर्ता हातात आला, तर त्याला कोपरापर्यंत बाह्या! ‘उरलेल्या कापडात निघाल्या, पैसे नाही घेतले जास्तीचे.’ आत चकचकीत पॉलिएस्टरचं अस्तर. कंबरेला टक्स, म्हणजे आत दुमडून शिवलेल्या चिमट्या, घालून फिटिंग दिलेलं, ‘शेप यायला’. स्कूटरवर स्कार्फच्या आत रडले. बाहेरून कळत नाही, हा एक फायदा आहे स्कार्फचा.

माझी नणंद होम सायन्स शिकलेली. अस्तराला हात लावून म्हणाली, कापूस हवेतला साडेआठ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. वर मलमल आणि आत हे म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यावर सुती ओढणी घेतल्यासारखं. अस्तर लावायचंच तर सुती, आणि तेही आधी भिजवलेलं. हे कापडालाही लागू आहे, सांगायचं राहिलं : शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. सुती कापड आटतं आणि नेमकं पोटावर आटतं.

दुसऱ्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि दुकानात जाऊन बोलले. ‘मास्तर, दंड माझे आहेत. लाज वाटली तर मला वाटेल.’ बाकड्यावरच्या बायका गप्प. मास्तर म्हणाला, तुमच्या भल्यासाठीच केलं ना ताई. पण बाह्या उसवल्या. तेव्हा नवीन घोळ कळला. बाहीच्या कुर्त्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, खोल कापतात. बाही काढली की बाजूनं आतलं सगळं दिसतं. बिनबाहीला मुंढा वर, बगलेशी लागून हवा. मग उसवलेल्या बाहीचं कापड घेऊन बगलेत कळी, म्हणजे जोडतुकडा, घातली, टक्स सोडले, अस्तर काढलं. यात अजून बारा दिवस.

आता मी काय करते? माप घरी नणंदेकडून घेते आणि कागदावर लिहून देते, ओरडाओरडी बंद. त्यात ‘बाही नाही, मुंढा वर, टक्स नाही, दोन्ही बाजूंना एक इंच माया’ (माया म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड) असं लिहून पावतीवरही लिहून घेते. एक सैल कुर्ता नमुन्याला देते. ट्रायलला हात वर करून बघायचं आणि खाली बसूनही बघायचं. लग्नसराईच्या तोंडावर तर मुळीच जायचं नाही, पौष-माघातच शिवून मोकळं व्हायचं.

पांढऱ्या मलमलीखाली पांढरी ब्रा दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही. मांड्या घासतात त्यांनी आत सुती सायकलिंग शॉर्ट घाला, पावडरीचा चिखल होतो. उन्हात दंड भाजतात, तेव्हा स्कूटरवर सनकोट हवाच. पण पोचल्यावर काढायचा.

मी काढला. सकाळी दहाला, खुर्चीला अडकवला. समोरच्या टेबलावरच्या मॅडमनी वर पाहिलं, दंडांकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘मलमल का? कितीला मीटर?’ मला सुंदर वगैरे काही वाटलं नाही. दिवसभर हात अंगाशी चिकटवूनच बसले. फक्त साडेतीनच्या सुमारास फाईल काढायला हात वर केला तेव्हा बगलेत कूलरचा वारा शिरला, आणि मी ती फाईल जरा सावकाश काढली.

तीन कुर्ते आले. चौथा, निळा, अजून दुकानातच आहे. पावती माझ्या पर्समध्ये आहे, आणि मास्तर म्हणतो की फक्त काज-बटण राहिलं.