नखी काढून ठेवली

रात्रीचे साडेअकरा. सतार आत्ताच गवसणीत ठेवली. उजव्या अंगठ्याची कड अजून चुरचुरतेय.

चार दिवस डेरेक बेलींचा 'कार्पल टनेल' हा अल्बम ऐकतेय. शेफील्डचे हे गिटारवादक. तरुणपणी पोटासाठी डान्स बँडमध्ये, स्टुडिओत पडेल ते वाजवलं. साठच्या दशकात मात्र ते अशा वादनाकडे वळले, ज्यात आधी काहीच ठरलेलं नसतं. राग-तालासारखी चौकटही नाही. 1980 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी भारतीय संगीतावर आस्थेने लिहिलंय, पण आपली उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, रागाच्या भाषेतली, आणि त्यांना भाषाच नको होती.

खरं तर त्यांचीही भाषा तयार झालीच होती. तारेला हलकंच बोट लावून काढलेले ते टोकदार हार्मोनिक्स, त्या लांबलांब उड्या. दोन क्षणांत माणूस ओळखू येतो. मग 75 व्या वर्षी हातात तार छेडायची नखी धरवेना. डॉक्टर म्हणाले, कार्पल टनेल, मनगटात नस दबते तो आजार. शस्त्रक्रिया नाकारून ते अंगठ्याने वाजवायला शिकले आणि शिकतानाच रेकॉर्ड करत गेले. तोच हा अल्बम. तुकड्यांची नावंही तशीच: तीन आठवड्यांनंतर, पाच, सात, नऊ, बारा. खरा आजार मोटर न्यूरॉनचा, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींचा निघाला. 2005 च्या नाताळात ते गेले.

आज म्हटलं, आपणही दहा मिनिटं रागाशिवाय वाजवून बघू. पहिल्याच मिनिटात बोटं यमन रागाच्या 'नि रे ग' वर. मुद्दाम शुद्ध मध्यम घेतला, तर हात बिहाग रागात शिरला. शिवाय तरफा, म्हणजे खालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, यमनला लावलेल्या. त्यांच्या सुरावरून नुसतं गेलं तरी हुंकार देतात. वाद्यच मला घरी ओढत होतं. शेवटी तरफांखाली रुमालाची घडी सरकवली आणि नखी काढली.

अंगठ्याने तार नीट लागेना. आवाज बोथट, बुजरा. एकदा बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेबरोबर शेजारची जोड तारही छेडली गेली. दोन्ही विरेपर्यंत मी थांबले, आणि पुढे काय येणार ते खरोखर ठाऊक नव्हतं. अर्धं मिनिट असेल. वीस वर्षांच्या रियाजात असं कधी झालं नव्हतं. छातीत धडधडत होतं.

मग पुन्हा नि रे ग.

गवसणी चढवताना रुमाल काढला नाही. उद्या पहाटेच्या रियाजाआधी बघू.