खारघरच्या डोंगरावर, पहिल्या पावसाआधी

पांडवकड्याचा धबधबा कोरडा असतो तेव्हा, म्हणजे मेच्या अखेरीस, नवी मुंबईतल्या खारघरचा डोंगर चढावा असे मला फार दिवस वाटत होते, कारण झाड आणि गवत यांचा जमिनीखालचा पाण्याचा व अन्नद्रव्यांचा व्यवहार याच दिवसांत वरूनही ओळखता येतो. फणसवाडीच्या रस्त्याने चढू लागलो की इमारती खाली राहतात आणि वाळलेल्या कुसळी गवताचे उतार सुरू होतात. त्यांत अधूनमधून खैर आणि पळस उभे दिसतात.

एका खैराखाली बराच वेळ बसलो. पावसाचा थेंबही पडलेला नसताना त्याच्या काटेरी फांद्यांना कोवळी पालवी फुटली होती, आणि चार पावलांवरचे कुसळीचे ठोंब मात्र बुडख्यापर्यंत वाळलेले होते. माती बोटाने उकरून पाहिली. झाडाखालची काळसर व भुसभुशीत होती, उघड्यावरची तांबूस आणि मुरमाड.

येथे वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे या डोंगराला कोरडा सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ माळ, म्हणता येणार नाही. तरीही आफ्रिकेतल्या सॅव्हानांविषयी वाचलेले येथे बसून अधिक स्पष्ट होत गेले. गवताची मुळे वरच्या थरातले पाणी घेतात आणि झाडांची खोलवरचे, अशी मांडणी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर यांनी केली होती. पाण्यापुरती ती पुष्कळदा पटते. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस या अन्नद्रव्यांचा वनस्पतींना सहज मिळणारा वाटा बहुतांशी वरच्या वीत-दीड वीत मातीतच असतो, आणि तेथे दोघांचीही बारीक मुळे दाटी करतात. म्हणून अन्नद्रव्यांची वाटणी खोलीपेक्षा वेळेवर अधिक ठरत असावी, असे मला वाटते. वाळलेली माती भिजताच सूक्ष्मजीवांची हालचाल एकदम वाढते आणि नायट्रोजन मोकळा होतो, हे मृदाशास्त्रज्ञ एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातींच्या अभ्यासातून मांडले. साठवलेल्या अन्नावर आधीच पालवलेले झाड त्या पहिल्या लोंढ्यासाठी तयार असते. गवताला फुटवे काढायला काही दिवस लागतात, मात्र एकदा फुटले की त्याची दाट मुळे वरचा थर व्यापून टाकतात.

खैराच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात आणि पानगळीतून त्याचा काही भाग खालच्या गवताला मिळतो. वाटेत भेटलेल्या मावशी म्हणाल्या, “पावसाळ्यात गुरं सोडली की आधी खैराखाली जातात, माळावर नंतर.” सावलीचाही त्यात वाटा असेल, पण कसदार चारा हेही कारण मला खरे वाटते.

पुढे एक जळालेला उतार लागला. वणव्यात गवतातला बराचसा नायट्रोजन हवेत उडून जातो, तर फॉस्फरस बहुतांशी राखेत उरतो. जवळच वृक्षारोपणासाठी खड्डे खणलेले होते आणि त्यांच्याभोवतीचे गवत मुळासकट काढून टाकलेले होते. हे पाहून मला फार वाईट वाटले, कारण रोपाशी स्पर्धा करणारे तेच ठोंब जूनच्या पहिल्या मुसळधार सरीत ती वीतभर माती उतारावर धरून ठेवतात.