घुमटावरून घसरणारी वस्तू ४८ अंशांवर का सुटते?

उताराची गणितं सोडवून सोडवून हात इतका बसतो की आकृती दिसली रे दिसली, ‘नॉर्मल बरोबर एमजी कॉस थीटा’ लिहून मोकळं व्हायचं. (नॉर्मल म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेत देतो तो जोर, एमजी म्हणजे वजन, अर्थात वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण ‘जी’, आणि थीटा म्हणजे उताराचा कोन.) सपाट उतारावर ते बरोबर आहे. पृष्ठभाग वळला की चूक.

सपाट उतारावर वस्तूचं सगळं त्वरण उताराच्या दिशेनेच असतं. उताराला लंब दिशेत ते शून्य, म्हणून त्या दिशेत बलांचा तोल साधतो आणि ‘एमजी कॉस थीटा’ मिळतं. वक्र पृष्ठभागावर वेगाची दिशाच सतत बदलत असते. ती बदलायला केंद्राकडे त्वरण लागतं, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढं. म्हणजे लंब दिशेत तोल नसतोच. घुमटावर वस्तूला आत वळवायचं काम वजनाचा घटक करतो, आणि त्यातून जे उरेल तेवढाच नॉर्मल.

आकडे घालून बघू. ५० सेमी त्रिज्येचा गुळगुळीत अर्धगोल, माथ्यावरून अलगद निघालेली लहान वस्तू. कोन माथ्याच्या उभ्या रेषेपासून मोजायचा. जमिनीपासून मोजला तर साइन आणि कॉसची अदलाबदल होते आणि पुढचं सगळं बिघडतं. ३० अंशांवर वस्तू ६.७ सेमी खाली आलेली असते. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून वेग निघतो १.१५ मीटर प्रति सेकंद. स्पर्शरेषेच्या दिशेत त्वरण ४.९, केंद्राकडे २.६३ (दोन्ही मीटर प्रति सेकंद वर्ग). नॉर्मल येतो वजनाच्या ६० टक्के. सवयीच्या सूत्राने तो ८७ टक्के आला असता. वेग काढायला इथे ‘व्ही बरोबर यू अधिक एटी’ (शेवटचा वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ) वापरू नका. स्पर्शरेषेतलं त्वरण जी साइन थीटा आहे, ते पावलोपावली वाढतंय, आणि ते सूत्र फक्त स्थिर त्वरणाचं आहे.

कोन वाढेल तसा नॉर्मल ‘एमजी गुणिले (३ कॉस थीटा उणे २)’ या हिशेबाने घटत जातो. कॉस थीटा दोन तृतीयांश झाला, म्हणजे ४८.२ अंशांवर, तो शून्य होतो आणि वस्तू घुमट सोडते. त्रिज्या, वस्तुमान, जी, काहीच उत्तरात उरत नाही. चंद्रावरही हाच कोन. पण या क्षणी एकूण त्वरण किती? स्पर्शरेषेत ७.३०, केंद्राकडे ६.५३. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या: नेमकं ९.८, आणि दिशा सरळ खाली. असायलाच हवं, कारण आता वस्तूवर गुरुत्वाखेरीज कुणाचाच जोर नाही. या गणितातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि उत्तर तपासायची सर्वांत खात्रीची युक्तीही हीच.

घरी करून बघायचं असेल तर गोटी घेऊ नका. गोटी घरंगळते, तिच्या ऊर्जेचा सात भागांतले दोन भाग इतका वाटा स्वतःभोवती फिरण्यात जातो, वेग कमी राहतो आणि ती उशिरा सुटते. मुळीच न घसरता घरंगळली तर ५४ अंशांवर. तेही कागदावरच, कारण नॉर्मल शून्याकडे गेला की घर्षणही जातं. घर्षणांक ०.३ असेल तर भरीव गोळी ३५ अंशांच्या आसपासच घसरू लागते. त्यापेक्षा स्टीलचा गोल बोल पालथा घालून त्यावर ओला बर्फाचा खडा सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. बोलचा तळ चपटा असेल तर प्रयोग फसतो. हात लागून खड्याला सुरुवातीचा वेग मिळाला तरी कोन कमी येतो: १२ सेमी त्रिज्येच्या बोलवर सेकंदाला ३० सेमीचा धक्का बसला, तर ४८ऐवजी ४६ अंश.

वर्तुळाकार नसलेल्या वळणावर त्रिज्येऐवजी त्या बिंदूची वक्रता त्रिज्या, म्हणजे तिथल्या वळणाला चपखल बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या, घ्यायची. आकार किती फरक पाडतो ते परवलयावर दिसतं. परवलयाच्या आकाराच्या गुळगुळीत टेकडीच्या माथ्यावरून अलगद निघालेली वस्तू टेकडी कधीच सोडत नाही. खाली जाताना वेग वाढतो, पण वक्रता त्रिज्या त्याहून झपाट्याने वाढते.

रस्त्यावरच्या गतिरोधकाचं गणितही हेच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ किमी वेगासाठी. त्या वेगाने माथ्यावर केंद्राकडचं त्वरण २.८४ येतं, म्हणजे रस्त्यावरचा भार २९ टक्क्यांनी घटतो. टायर उचलला जायला ताशी सुमारे ४६ किमी हवेत. आता गल्लीत रातोरात घातलेला ६० सेमी रुंद, १५ सेमी उंच उंचवटा घ्या. त्याची त्रिज्या साडेसदतीस सेमी. चाकाचा आस ज्या वाटेने जातो तिच्यासाठी चाकाच्या त्रिज्येचे ३० सेमी त्यात मिळवले, तरी स्प्रिंगचा जोर सोडून, चाक ताशी ९ किमीलाच रस्ता सोडू लागतं. सायकलही त्याहून जोरात जाते.