तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांची पेटी

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "शेठ, गॅरेजमधली ही पेटी, हे जुने पाने-हत्यारं देऊन का टाकत नाही?" कुणाला हॉटेलच्या भिंतीवर लावायला पाहिजेत, कुणी थेट किलोचा भाव सांगतो. जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. इथल्या भट्ट्यांत ते वितळतं आणि त्याची सळई होते. मी आजवर "कामाला येतात" एवढंच सांगत आलो. ते अर्धं खरं आहे.

ते अर्धं आधी सांगतो. गाडी झटके मारत आली, गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारा स्कॅनर लावला, पी०३०३ हा कोड आला. म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. पण का, ते स्कॅनर सांगत नाही. प्लग आणि कॉइल बदलूनही फरक पडला नाही, की मी पेटीतला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं घड्याळ, काढतो. दाब कमी दिसला तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा बघायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह, नाहीतर हेडखालचं गॅसकेट. हे अण्णांनी मला सातवीत असताना शिकवलं आणि आजच्या इंजिनालाही ते तसंच लागू आहे.

म्हणून मी स्कॅनरच्या विरोधात आहे असं समजू नका. कर्ज काढून घेतलाय. एप्रिल २०२० पासून धुराचा नवा नियम, बीएस-६, आला, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यातला फिल्टर चोंदला की स्कॅनरशिवाय पान हलत नाही. अॅम्बेसेडरच्या काळात पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जोडीचा) गॅप १५ थाऊ, प्लगचा २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एवढं पाठ असलं की निम्मं ट्युनिंग झालं. अण्णा तर टायमिंगसुद्धा, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, १२ व्होल्टच्या बल्बवर लावायचे. एक वायर प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला, एक बॉडीला. डिस्ट्रिब्युटर बोटानं हळूहळू फिरवायचे आणि बल्ब पेटला त्या क्षणी थांबायचे. पॉइंट उघडला. आता पॉइंटही नाहीत, डिस्ट्रिब्युटरही नाही, आणि इरिडियमचा प्लग लाखभर किलोमीटर जातो. गिऱ्हाइकाचं भलंच झालं त्यात.

आता उरलेलं अर्धं.

२०११ चा मे महिना. एका डिझेल गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं झाकण, उतरवलं होतं, मधलं गॅसकेट बदलायचं होतं. त्या इंजिनाच्या हेडचे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळायचे आणि मग वरून ९० अंश फिरवायचे. असा बोल्ट ताणला जातो, म्हणून दुसऱ्यांदा वापरायचा नसतो, नवा संच लागतो. अण्णांना हे मान्य नव्हतं. त्यांची सगळी हयात लोखंडी हेडं हातानं आवळण्यात गेली. "हाताला कळतं रे, बोल्ट कुठं बसला ते," म्हणाले. जुनेच बोल्ट लावले. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, क्रम अगदी बरोबर. गाडी चालू झाली, आवाज स्वच्छ.

चौथ्या दिवशी ती शहागडच्या पुलाच्या अलीकडं तापून उभी राहिली. आत लग्नाला निघालेली माणसं, म्हाताऱ्या बाया, लेकरं, भर दुपार. टोचन करून आणली, डिपस्टिक ओढली, तर ऑइल ताकासारखं पांढरं. पाणी आत गेलेलं. मालक तोंडाला येईल ते बोलत होता. दोन पोरं कामाला होती, तीही बघत होती. आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "अण्णा, आजपासून गाडीला हात लावू नका. तुमच्यानं आता होणार नाही."

ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं एका पोराला विचारलं, "दहा-अकराचा पाना कुठंय रे?" पोरानं आणून दिला. मग खाली बसून एकेक पाना रॉकेलमध्ये धुतला, बनियनच्या चिंधीनं पुसला, पेटीत मापाप्रमाणं लावला. सुताचे, म्हणजे इंचाच्या मापाचे, पाने एका बाजूला, एमएमचे दुसऱ्या. टायमिंग लाइटची वायर गुंडाळून वर ठेवली. तासभर तरी लागला. त्यानंतर तीन वर्षं ते रोज गॅरेजला आले, दारातल्या खुर्चीवर बसले, पण खड्ड्यात उतरले नाहीत. २०१४ ला गेले.

बोल्ट जुने लावले ही त्यांची चूकच. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतो. पण ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत हवा मारायचं काम माझं होतं. ती भोकं खालून बंद असतात. तळाला ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावरच टेकतो, हाताला घट्ट लागतो, टॉर्क पान्यालाही घट्ट लागतो आणि हेड मात्र पुरतं दाबलं जात नाही. त्या दिवशी सकाळपासून लोडशेडिंग, कॉम्प्रेसर बंद. मी चिंधीनं वरवर पुसलं आणि "झालं" म्हणालो. अण्णांनी माझ्या शब्दावर हेड बसवलं.

दुसऱ्यांदा उघडल्यावर मी भोकांत तार घालून पाहिली. दोन भोकांत पाणी होतं. आता तुम्ही म्हणाल, हेड उचलताना इंजिन थंड ठेवणारं, जॅकेटमधलं पाणी सांडतंच, त्यावरून काय ठरतं? काहीच ठरत नाही. तीच गोष्ट धरून मी तीन वर्षं गप्प राहिलो. ते दारात बसलेले, मी आत, मध्ये दहा पावलं. "अण्णा, हवा मारायची माझ्याकडून राहिली होती," एवढं एक वाक्य. बायकोला बोललो, त्यांना नाही. खरं सांगू का, बोललो असतो तर ते "मग काय झालं?" एवढंच म्हणाले असते, आणि नेमकं तेच मला ऐकवलं नसतं.

पेटी आहे तशीच लावलेली आहे. पाना काढला की धुऊन पुसून त्याच जागी ठेवतो. दहा-अकराचा सगळ्यात वर असतो. भाव विचारू नका.