तीन कॉम्प्युटर आणि एक डोंगल

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याच आठवड्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमधून फोन आला, "तिन्ही मशीनवर विंडोज अकरा टाकून द्या." दिवाळीच्या जाहिराती चालू होत्या, म्हणून थांबवलं. असलं काम भाऊबीज ते तुळशीचं लग्न एवढ्याच दिवसांत करावं. एकदा पत्रिकांची गर्दी लागली की मशीन एक दिवसही बंद ठेवता येत नाही.

पहिलं मशीन आय-३ ८१००, आठव्या पिढीचं, म्हणजे अकरा चालणाऱ्या प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारं. तरी अकराच्या तपासणीत नापास दिसत होतं, आणि तेवढ्यावर त्यांना कुणीतरी नवा मदरबोर्ड घ्यायला सांगितलं होतं. अशा सल्ल्यांचा मला राग येतो. या पिढीत टीपीएम २.० (अकराला लागणारा सुरक्षेचा भाग) वेगळा विकत घ्यावा लागत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तो पीटीटी नावाने असतो, फक्त बंद असतो. वेळ खाल्ला तो डिस्कने. विंडोज लेगसी मोडमध्ये, म्हणजे बूट करायच्या जुन्या पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं होतं; अकराला यूईएफआय ही नवी पद्धत आणि जीपीटी ही नवी मांडणी लागते. मांडणी बदलणारी एमबीआर-टू-जीपीटी ही कमांड आधी 'व्हॅलिडेट'वर, म्हणजे नुसतं तपासायला, चालवली तर नकार. आपल्याकडे मशीन जोडून देणारे सवयीने डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडतात. त्यात एक्स्टेंडेड पार्टिशन, म्हणजे पोटभाग असलेला भाग, आलं की ही कमांड डिस्क घेत नाही. सी सोडून बाकीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला, उघडून पाहिला, मग ती पार्टिशनं उडवली. पुन्हा व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. लगेच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद आणि यूईएफआय चालू. हे राहिलं तर मशीन बूट होत नाही आणि माणसाला वाटतं डिस्कच गेली.

दुसरं चौथ्या पिढीचं आय-५. तपासणी चुकवून त्यावरही अकरा बसतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँक आणि जीएसटी असलेल्या मशीनवर मी ते करत नाही. ती कामं पहिल्यावर नेली, याचं नेट काढलं, डिझाइनला ठेवलं.

तिसऱ्याने मला अडवलं. ३२ बिट विंडोज ७, पान जुळवायचं पेजमेकर, आणि जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, जे मागे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला तो ओळखू देणारा प्रोग्रॅम) फक्त ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. मशीन कितीही भारी घेतलं तरी इथे उपयोग नाही.

युनिकोडवर, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीवर, चला, असं सांगणं सोपं आहे. पण अठरा वर्षांच्या पत्रिका त्या फॉन्टमध्ये आहेत, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "थोरल्याची होती तशीच धाकटीची करा." कन्व्हर्टर लावून एक पत्रिका काढली. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. वेलांट्या नीट आल्या, रफार गेला: 'शिर्के'चं 'शिकेर्' झालं. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तर अख्खी छपाई प्रेसच्या अंगावर पडते. टाइप करणाऱ्या ताईंनी एका नजरेत चार चुका दाखवल्या. मालकांपेक्षा या फाइलींची जाण त्यांनाच जास्त आहे, आणि निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या मशीनला मी अपग्रेड केलं नाही. नेटची वायर काढली, ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणं) बंद केलं, डिस्कचा पूर्ण क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून त्यावरून बूट करून पाहिलं. पेनड्राइव्ह एकच, तो आधी पहिल्या मशीनवर स्कॅन करायचा. जुनी पत्रिका परत आली की तेवढीच युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायची, असं ताईंशी ठरलं.

क्लोन डिस्कचा होतो, डोंगलचा नाही. त्याच्या प्लास्टिकला तडा गेलाय, वर चिकटपट्टी आहे. सगळ्या फाइली एकदम बदलून घ्या, असा आग्रह मी धरायला हवा होता का, हे अजून मला ठरवता येत नाही.