गजात अडकलेलं पिस्तूल

'टर्मिनेटर २'मध्ये (१९९१) मनोरुग्णालयाच्या पॅसेजमधलं लोखंडी गजांचं दार बंद असतं. टी-१०००, म्हणजे भविष्यातून आलेला द्रव धातूचा मारेकरी यंत्रमानव, थांबत नाही, तसाच चालत गजांतून पलीकडे येतो. चेहरा गजांवर पिठासारखा कापला जातो, पुन्हा सांधतो. आणि मग 'खट्'. हातातलं पिस्तूल गजांना आडवं अडकतं. तो मनगट जरासं फिरवतो, पिस्तूल सोडवून घेतो आणि पुढे निघतो.

हा पारा आहे, पण फक्त स्वतःपुरता, एवढं त्या 'खट्'मधून कळतं. त्याला सुरी होता येतं, बॉम्ब होता येत नाही. आत हलते भाग किंवा रसायनं असलेली वस्तू त्याच्या आवाक्याबाहेरची. नियम पक्का, म्हणून भीतीही पक्की. त्या सिनेमात टी-१०००ची संगणकावर केलेली दृश्यं सुमारे पाचच मिनिटांची. बाकीचं काम स्पेशल इफेक्ट्सवाल्या स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांचं: गोळी लागली की छातीवर उमलणारी चकचकीत फुलं फोम रबरची होती.

२०१५च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'मध्येही टी-१००० आहे, ली ब्युंग-हुनने केलेला. संगणक कितीतरी पुढे गेलेला, पैसाही दणकून (खर्च सुमारे साडेपंधरा कोटी डॉलर). इथला टी-१००० आपलं अंग भाल्यासारखं भिरकावतो, निकामी झालेल्या टर्मिनेटरवर चार थेंब सांडून त्याला उठवतो. बघायला मजा येते, पण आता त्याला काय जमत नाही हे काही कळत नाही. आणि ज्याला मारायला आधी अख्खा सिनेमा आणि वितळलेल्या पोलादाचा हौद लागला, तो इथे मध्यंतराच्या पुष्कळ आधी ॲसिडच्या धारेखाली संपतो. मोठा पाहुणा बोलवायचा आणि चहावर बोळवण करायची, त्यातला प्रकार.

काळप्रवासाचंही तेच. १९८४च्या पहिल्या सिनेमात यंत्रांविरुद्ध लढणाऱ्या जॉन कॉनरची आई सारा हिला वाचवायला भविष्यातून सैनिक काइल रीस येतो, ती वाट एकेरी होती. परतीचं तिकीट नाही, मागून कुमक नाही. जिवंत मांसाच्या आवरणाशिवाय काही येत नाही हाही नियम. (मग टी-१००० आला कसा? हा प्रश्न १९९१पासून आहे. पण तेव्हा तो घरी पोचल्यावर सुचायचा, खुर्चीत बसल्या बसल्या नाही.) 'जेनिसिस'मध्ये सारा आणि काइल १९८४मधून थेट २०१७ला उडी मारतात. काळाचं यंत्र म्हणजे डेक्कन क्वीन झालं की पाठलागातली धाप जाते.

एक काम मात्र नंबरी आहे. ग्रिफिथ वेधशाळेपाशी तरुण श्वार्झनेगर पुन्हा उभा केलाय: शरीर ब्रेट अझारचं, त्यावर संगणकातला चेहरा. म्हातारा टर्मिनेटर त्याच्याशी भिडतो ती मारामारी आजही बघावी. पण ती रंगते १९८४च्या पुण्याईवर.

जॉन कॉनरच यंत्र झालाय, हा कथेतला एकमेव खरा धक्का. तो ट्रेलरमध्येच फोडून टाकला! दिग्दर्शक ॲलन टेलरलाही ते रुचलं नव्हतं.

शिवाय नऊ वर्षांच्या साराला वाचवायला 'पॉप्स'ला, म्हणजे त्या म्हाताऱ्या टर्मिनेटरला, १९७३मध्ये पाठवलं कुणी? उत्तर पुढच्या भागांसाठी राखून ठेवलेलं. ते २०१७ आणि २०१८मध्ये यायचे होते. आले नाहीत. २०१९ला जो टर्मिनेटर आला, तो 'जेनिसिस' घडलाच नाही असं धरून चालला.