दुपारी माग बंद

पाहुण्यांना दोन दिवस हातमागावर बसवायचे आणि उरलेल्या वेळात बेळगाव दाखवायचे, हे काम मी काही वर्षांपासून करीत आहे. गेल्या मे महिन्यातील एका शनिवारी पुण्याहून पाच जण आले होते. सकाळी किल्ला, दुपारी बारा ते चार विणकाम, संध्याकाळी बाजार आणि कुंदा ही इथली मिठाई, असे वेळापत्रक मी मोठ्या हौसेने छापून घेतले होते. त्यातला दुपारचा भाग मागाला विचारून ठरवायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातल्या गल्ल्यांत आता हातमाग शोधावा लागतो. घरोघरी यंत्रमाग आहेत आणि उंबऱ्यावर उभे राहून बोलायचे तरी आवाज चढवावा लागतो. शेजारचे शहापूर संस्थानकाळात सांगलीच्या पटवर्धनांकडे होते आणि तिथल्या साड्यांचे नाव जुन्या घरांत अजून निघते. आम्ही ज्या मामांकडे जातो त्यांचा माग खड्ड्याचा आहे. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर असतात आणि ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, जमिनीपासून थोड्याच उंचीवर पसरलेला असतो. बायका कन्नडमधून गल्लीभर बोलतात, आमच्याशी मराठीतून; मामा सुताशी कोणत्या भाषेत बोलतात, ते मला अजून ओळखता आलेले नाही.

बाराच्या सुमाराला पहिल्या पाहुण्या मागावर बसल्या. पावडी दाबायची, दोरीला हिसका देऊन आडव्या धाग्याचा धोटा पलीकडे धाडायचा आणि फणी पुढे ओढून तो धागा ठोकायचा, एवढे त्यांना पंधरा मिनिटांत जमले. मात्र पाचसहा धोट्यांमागे एक याप्रमाणे ताण्याचे धागे तुटू लागले. बेळगाव अडीच हजार फुटांवर असल्यामुळे उन्हाळा सौम्य म्हणतात, पण वळिवाआधीची दुपारची हवा अगदी कोरडी असते. सुताला दिलेली खळ त्या हवेत ताठ आणि ठिसूळ होते. मामा दरवेळी बोटांना राख लावून धागा सांधीत होते आणि पुन्हा पुन्हा दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत होते.

“ताई, आता राहू द्या की. चारनंतर बसू या,” ते दोनदा म्हणाले.

मी ऐकले नाही. पाहुण्यांचा वेळ जाईल, ही माझी चिंता. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, हे मी वस्त्रनिर्मितीच्या अभ्यासक्रमात शिकलेले. मामा आत पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी तांब्यातले पाणी हाताने संपूर्ण ताण्यावर शिंपडले. साडीच्या अंगाचे, म्हणजे मधल्या भागाचे, सूत खरोखरच शांत झाले. काठाचा ताणा मात्र आर्ट सिल्कचा, म्हणजे व्हिस्कोस रेयॉनचा होता आणि त्याचे वागणे नेमके उलट असते: ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. तेही त्याच पुस्तकात होते. पुढच्या चार ठोक्यांत काठाचे तीसएक धागे लोंबू लागले.

मामा रागावले नाहीत, हे अधिक अवघड होते. त्यांनी पंखा बंद केला, काठ कोरड्या फडक्याने टिपला आणि खड्ड्यात ओले पोते अंथरले. ओल सुताला खालून, हवेतून द्यायची असते, अंगावर ओतायची नसते, इतकेच ते म्हणाले. मग आम्हा सर्वांना त्यांनी घराबाहेर काढले. तुटलेला काठ सांधायला त्यांना दोन तास लागले.

अशा रीतीने सकाळी राहून गेलेला किल्ला दुपारी पाहिला गेला, आणि ते बरेच झाले. 1204 साली, रट्ट राजघराण्याच्या राजवटीत बांधलेले कमल बस्ती हे किल्ल्यातले जैन मंदिर भर उन्हातही आतून गार असते. छतावरून खाली उमललेल्या दगडी कमळाखाली पाहुणे पाठ टेकून इतका वेळ बसले की मला त्यांना उठवावेसे वाटेना. रविवारी गोकाकचा धबधबा दाखवा, असा आग्रह झाला. मे महिन्यात तिथल्या घटप्रभा नदीला पाणीच नसते. कोरडा कातळ बघायला साठ किलोमीटर जाऊ नये, हे माझे मत मी स्पष्ट सांगितले.

रविवारी आम्ही सहा वाजताच मागावर हजर झालो. दहापर्यंत प्रत्येकाचे वीतभर कापड झाले आणि पूर्ण वेळात दोनच धागे तुटले. ती साडी मी विकत घेतली; काठातली सांध्यांची ओळ बोटाला लागते.

दुपारनंतर ढग भरून आले. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर मामांनीही यावे, असे ठरले होते. त्यांनी हवा एकदा हुंगल्यासारखी केली आणि नकार दिला. “आज सूत चांगलं चालतंय, आज सोडत नाही,” ते म्हणाले. गडावर वळिवाने आम्हाला भिजवले. बॅगा घेण्यासाठी वडगावात परतलो तेव्हा वीज गेलेली होती आणि सगळी गल्ली प्रथमच मला गप्प सापडली. यंत्रमाग थांबले होते. मामांच्या घरात कंदील होता आणि धोटा चालू होता.